मे महिन्यात झाड मान का टाकतं, आणि ताण दिला की संत्रा का फुलतो

यंदा नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू व्हायच्या आधीपासूनच झाडांबद्दलची पत्रं यायला लागली, त्यातली चार घेतलीत.

प्रश्न: आमच्या अंगणात लिंबाचं झाड आहे, प्रतापनगरला. दुपारी बारा वाजले की पानं अशी लोंबतात की जीव तुटतो, मग मी लगेच पाइप लावते. सासूबाई म्हणतात भर उन्हात पाणी घालू नको. कोणाचं ऐकू?

ताई, सासूबाईंचं ऐका. पानाच्या खालच्या बाजूला बारीक बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं म्हणतात त्यांना, आणि प्रत्येक छिद्राला दोन पेशींची जणू दारंच असतात. त्या पेशी पाणी पिऊन फुगल्या की दार उघडतं, सैल पडल्या की मिटतं. झाडाची सगळी ओढाताण या दारापाशीच आहे, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो तो इथूनच आणि पाण्याची वाफ बाहेर जाते तीही इथूनच. अन्न बनवायचं तर दार उघडं पाहिजे, दार उघडं ठेवलं तर पाणी जातं. मुळांनी १०० लिटर पाणी ओढलं असं धरा, त्यातलं ९७-९८ लिटर नुसतं वाफ होऊन जातं.

आता नागपूरचा मे, पारा ४५ च्या आसपास, हवा कोरडी ठाक. पानातून जितकं पाणी उडतंय तितकं मुळं त्या वेगाने पुरवू शकत नाहीत, माती ओली असली तरीही. मग झाड दारं मिटून घेतं, दुपारचे दोनतीन तास उपाशी राहतं पण पाणी वाचवतं. दारं मिटली की वाफेने होणारा गारवा बंद, पान तापतं, म्हणून ते लोंबतं नाहीतर कडेने वळतं, म्हणजे ऊन सरळ अंगावर येत नाही. हे त्याचं स्वतःला सांभाळणं आहे हो ताई, संध्याकाळी सात वाजता जाऊन बघा, पानं ताठ झालेली असतात. काळजी करायची ती सकाळी सहाला. रात्रभर आराम मिळूनही पहाटे पानं लोंबलेलीच दिसली तर झाड खरंच तहानलंय. पाणी पहाटे द्या किंवा दिवस मावळल्यावर. आणि पाइप अंगणात उन्हात पडलेला असतो ना, त्यातलं पहिलं पाणी हाताला चटका देण्याइतकं तापलेलं असतं, ते आधी बाजूला सोडून द्या, मुळांवर नको.

प्रश्न: काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) डिसेंबरात महिनाभर पाणी तोडलं, म्हणजे ताण दिला, पण फुलं कमी आणि नुसती नवती (कोवळी पालवी) फुटली. धुऱ्याच्या (बांधाच्या) पलीकडे मुरमाड जमीन आहे, त्यांची बाग मात्र पांढरीफेक फुलली. पाणी तर दोघांनीही सारखेच दिवस बंद ठेवलं होतं, मग असं का?

दादा, दिवस सारखे होते, जमीन सारखी नव्हती. मुरमाड जमिनीतलं पाणी आठ-पंधरा दिवसांत संपतं, तुमची भारी काळी माती मात्र खाली ओल धरून बसते, वरून भेगा पडलेल्या दिसल्या तरी खालची मुळं मजेत पीत असतात. म्हणजे तुम्ही पाणी तोडलं पण झाडाला ते कळलंच नाही. हलक्या जमिनीत महिनाभरात जो ताण बसतो त्याला भारी जमिनीत दोन महिनेसुद्धा लागू शकतात, म्हणून कॅलेंडर बघून ताण तोडू नये, म्हणजे पाणी पुन्हा सुरू करू नये, झाड बघून तोडावा.

ताणाने होतं काय ते सांगतो, कारण "झाडाला मरणाची भीती दाखवली की फुलतं" असं आपल्याकडे सगळेच म्हणतात, आणि त्याने फुलण्याचं कारण काही समजत नाही. संत्र्याच्या फांदीवरच्या डोळ्यातून, म्हणजे कोंबातून, पालवीही फुटू शकते आणि फूलही. पाणी आणि ऊब मिळत राहिली की झाड वाढतच राहतं, पालवीवर पालवी. पाणी तुटलं किंवा गारठा पडला की वाढ थांबते, पण ऊन असतं म्हणून पानं थोडंफार अन्न बनवतच असतात, ते अन्न वाढीत खर्च होत नाही म्हणून फांद्यांत आणि मुळांत साठतं. त्याच काळात पानांमध्ये फुलण्याचा निरोप देणारं एक प्रथिन वाढतं, ते पानातून डोळ्यापर्यंत जातं, आणि तिथे ठरतं की आता पालवी नाही, फूल. पुरेसे दिवस ताण मिळाला नाही तर हा निरोप अर्धवट राहतो आणि पाणी मिळताच डोळे पालवी होऊन फुटतात. तुमच्या बागेत बहुतेक हेच झालंय.

आंबिया बहाराला आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीचा गारठा मदतीला असतो, ताण आणि थंडी दोन्ही एकाच दिशेने ओढतात. पावसाच्या सुरुवातीला फुलणाऱ्या मृग बहाराचं तसं नाही, तिथे एप्रिल-मे च्या आगीत बाग ताणावर सोडायची आणि जूनच्या पावसाची वाट बघायची, पाऊस लांबला की ताणाचं रूपांतर नुकसानीत होतं. ज्याच्याकडे विहिरीला थोडंतरी पाणी आहे त्याने आंबिया धरावा असं माझं मत आहे, बाकी ज्याची त्याची जमीन.

मग ताण बसला हे ओळखायचं कसं? पानांची चकाकी जाते, रंग फिकट पिवळट होतो, पानं थोडी वळतात आणि सकाळीही पूर्ण उलगडत नाहीत, काही जुनी पानं गळतात. इथे थांबा. यापुढे गेलात आणि झाड निम्मं उघडं पडलं तर पानांतलं साठवलेलं अन्नही गेलं आणि नत्रही, मग फुलं आली तरी फळ धरायला ताकद नसते, शेंड्याकडून फांद्या वाळायला लागतात. म्हातारं, डिंक्या (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) लागलेलं झाड तर ताणावर घेऊच नका. मध्येच डिसेंबरात अवकाळी पाऊस आला तर ताण मोडला असं समजा, आपल्या हातात तेव्हा काही नसतं, फार वाईट वाटतं पण तसंच आहे. ताण तोडताना पहिलं पाणी हलकं द्या, दुसऱ्या-तिसऱ्या पाळीला वाढवा. बुंध्याभोवती एक आळं आणि त्याच्या बाहेर दुसरं, असं दुहेरी आळं करून पाणी बाहेरच्या आळ्यातच सोडा, बुंध्याला लागू देऊ नका, डिंक्याची सुरुवात तिथूनच होते.

आणि तुम्ही पत्रात शेवटी विचारलंय की ऑक्टोबरचा संत्रा आतून गोड असूनही वरून हिरवा का. सालीतलं हिरवं द्रव्य जायला गार रात्री लागतात, दिवाळीनंतर गारठा पडला की खालचा नारिंगी रंग वर दिसतो. गोडीचं गणित वेगळं आहे.

प्रश्न: मार्चमध्ये पावसाचा थेंब नसतो तरी सेमिनरी हिल्सला पिंपळाला तांबूस पालवी येते, पळस तर नुसता पेटलेला असतो. हे पाणी येतं कुठून? आणि पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो हे खरं का?

हा प्रश्न वाचून मला मनापासून आनंद झाला. पाणी खोडातच असतं आणि खोल मुळांशी असतं. जुनी पानं गळाली की खर्चाची सगळी दारंच बंद, मग रात्रीमागून रात्री खोड परत पाण्याने भरत जातं आणि तेवढ्या शिदोरीवर पळस फुलतो, पिंपळ पालवतो. हे पाणी वर चढतं तेही मुळांच्या ढकलण्यापेक्षा वरच्या ओढीने जास्त. पानातून एक थेंब उडाला की मागचा थेंब ओढला जातो, पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एक अखंड दोरच म्हणा. ही कल्पना १८९४ मध्ये आयर्लंडच्या डिक्सन आणि जोली यांनी मांडली. फार कोरडं पडलं की या दोरात हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी बंद पडते, मे महिन्यात वरच्या काड्या वाळतात त्यामागे हे एक मोठं कारण. रामटेककडचा साग हा धोका पत्करत नाही, उन्हाळाभर उघडा राहतो आणि पाऊस पडला की मगच पानावर येतो. पालवी तांबूस असते कारण कोवळ्या पानाचं हिरवं द्रव्य अजून तयार व्हायचं असतं, तो लाल रंग तोवर कडक उन्हापासून त्याला झाकतो.

ऑक्सिजनचं म्हणाल तर खरं नाही. ऑक्सिजन सुटतो तो प्रकाशात पाण्याचा रेणू फोडला जातो तेव्हा. काही झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन ठेवतात, पण ऑक्सिजन तीही दिवसाच सोडतात. पिंपळाखाली दुपारी बसा, नागपुरात त्याहून गार जागा सापडायची नाही.

प्रश्न: घरासमोरच्या कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत गट्टू (सिमेंटचे फरशी-ठोकळे) बसवलेत. रोज दोन बादल्या बुंध्याशी ओततो, तरी पानं पिवळी पडून गळतात. पाणी वाढवू का?

भाऊ, वाढवू नका, आधी गट्टू काढा. मुळांनाही श्वास लागतो. काळी माती रोज भिजली की फुगते, तिच्यातली हवेची जागा संपते, त्यात वरून गट्टूचं झाकण. हवा नसेल तर मुळं पाणी ओढूच शकत नाहीत, त्यामुळे पाण्यात उभं असलेलं झाड तहानलेल्या झाडासारखंच दिसतं आणि आपण अजून पाणी ओततो. शिवाय पाणी पिणारी बारीक मुळं बुंध्याशी नसतातच फारशी, ती फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही बाहेर पसरलेली असतात. बुंध्यापासून चारही बाजूंनी निदान तीनतीन फूट गट्टू उचला, माती हलकी मोकळी करा, खोल खणू नका, वर पालापाचोळ्याचा थर द्या, बुंध्याला न चिकटवता. रोजच्या दोन बादल्यांऐवजी आठ-दहा दिवसांतून एकदा घेराकडे सावकाश भरपूर पाणी सोडा. आणि पाणी द्यायच्या आधी लोखंडी सळई मातीत खुपसून बघा, फूटभर सहज आत गेली आणि ओली निघाली तर त्या दिवशी पाणी नको.