स्वीडनमध्ये नवीन आहात? आधी एवढंच सांभाळा

घाबरू नका, पहिले दोन-तीन महिने सगळ्यांनाच जड जातात.

१. वर्षभर किंवा जास्त राहणार असाल तर आल्या आल्या स्कात्तेव्हेर्केत, म्हणजे कर खात्यात, नोंदणी करा. पर्सूननुम्मेर, म्हणजे तिथला ओळख क्रमांक, नसेल तर बँकआयडी (ऑनलाइन ओळखपत्र) आणि स्विश (मोबाइलवरून पैसे पाठवायचं अ‍ॅप) यांचं घोडं अडतं.

२. फीका, म्हणजे कामातली कॉफीची सुट्टी, चुकवू नका. 'काम आहे' म्हणत जागेवर बसून राहणं ही नव्या माणसाची हमखास चूक. ओळखी होतात त्या तिथेच, कॉफी आणि कानेलबुल्लेवर, म्हणजे दालचिनीच्या गोड बनवर. कुणी आपणहून बोललं नाही तरी त्यांना तुसडं समजू नका. तुम्हीच सुरुवात करा, मोकळेपणाने बोलतात.

३. त्वेत्तस्तुगा, म्हणजे इमारतीतली सामायिक धुण्याची खोली. वेळ आधी नोंदवायची, वेळेत कपडे काढायचे, ड्रायरच्या जाळीवरचा कापसासारखा थर हाताने सोलून टाकायचा, फरशी पुसायची. मला एकदा उशीर झाला तर दारावर चिठ्ठी! भाषा नम्र, पण झोंबलीच.

बूट दारात काढायचे, ते आपल्याला सांगायला नको.

एसएफआय, म्हणजे बाहेरून आलेल्यांसाठीच्या स्वीडिश भाषेच्या वर्गात लगेच नाव घाला, ते मोफत असतात. पेन्शन वगैरे सध्या डोक्यात घेऊ नका.