स्वस्त विमानतिकिटांची तुलना करणारी वेबसाइट लोकांना वापरायला सोपी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून स्वस्त विमानतिकिटांची तुलना करणारी वेबसाइट करताय. रंग कोणते घ्यावेत, फिल्टर किती द्यावेत आणि निकाल तक्त्यात दाखवावेत की कार्डात, हे तुम्हाला हवंय.

रंगांचं नंतर बघू. मी डिझायनर नाही. अमळनेरला माझं तिकीट बुकिंगचं काउंटर आहे, आणि अशा वेबसाइटवर अडकलेली माणसं शेवटी माझ्याच समोरच्या खुर्चीवर येऊन बसतात. मत सरळ सांगते. बहुतेक साइट तिकीट खपवायला बनवल्यात. माणूस वेळेवर विमानात बसतो की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. तुम्ही शिकताय तोवरच हे कानावर घाला, नोकरी लागल्यावर कोणी ऐकू देणार नाही.

आमच्याकडचे एक तात्या आणि जिजी. लेक बंगळुरूला, दिवस भरत आलेले. पुतण्यानं मोबाइलवर एका साइटवर 'सर्वात स्वस्त' दाबून मुंबई-बंगळुरूची तिकिटं काढली. जानेवारीची १५ तारीख, वेळ ००:३५. माझ्याकडून फक्त रेल्वेचं तिकीट नेलं, १५ ला संध्याकाळी मुंबईत उतरायचं. रात्री नऊलाच दोघं टर्मिनलच्या दारात पोचली. साडेतीन तास हाताशी ठेवून! बॅगेत डिंकाचे आणि मेथीचे लाडू, वजन घरून करून आणलेलं, पंधरा किलोच्या आत. दारावरच्या जवानानं तिकीट पाहिलं, आधार पाहिलं, परत तिकीट पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, ये तो कल रात को निकल गयी."

तात्यांचा मला फोन आला, "ताई, आमनं इमान चालनं गयं." मागे जिजींचा आवाज येत होता, लेकीला काय सांगायचं म्हणून.

ती रात्र दोघांनी बाहेरच्या खुर्च्यांवर काढली. सकाळच्या विमानाची तिकिटं मी इथून काढून दिली, ऐनवेळच्या भावानं. 'स्वस्त' म्हणून वाचवलेले पैसे केव्हाच संपले आणि वर कितीतरी गेले. बाळंतपण नीट झालं, ते बरं.

आता पुढचं ऐका, कारण तुमच्या प्रकल्पाच्या कामाचं आहे. पहिल्या तिकिटावर साइटनं 'नॉन-रिफंडेबल' एवढंच लिहिलेलं. पुतण्या म्हणाला, गेले पैसे. पण डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम असा आहे की प्रवासी चढलाच नाही तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क, म्हणजे यूडीएफ (विमानतळ वापरल्याचा आकार) वगैरे, परत द्यावंच लागतं. सेलमधल्या, मूळ भाडं परत न मिळणाऱ्या तिकिटालाही तो नियम लागू आहे. मी विमान कंपनीला मेल टाकला, पाठपुरावा केला, तेवढी रक्कम आली. साइटवर या परताव्याचं बटण सोडा, ओळसुद्धा नव्हती. तुमच्या साइटवर ती ओळ असू द्या : 'प्रवास केला नाही तरी इतके रुपये परत मिळतात.' आकडा काढणं अवघड नाही, भाड्याची फोड तुमच्याकडे आलेलीच असते.

माझे दीर पुण्यात याच क्षेत्रात आहेत, वेबसाइटचे स्क्रीन आखतात. त्या थंडीत शेतावर भरताची पार्टी होती. मी हे सगळं सांगितलं. भावजी भाकरी मोडता मोडता म्हणाले, "वहिनी, हा युझर एरर आहे. तारीख आणि वेळ दोन्ही स्पष्ट लिहिलेलं होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

तात्यांचा जन्म रेल्वेच्या वेळापत्रकावर गेलाय. ००:३५ म्हणजे रात्रीचे साडेबारा उलटून पाच मिनिटं, हे त्यांना कोणी शिकवायला नको. प्रश्न रात्र कुठली हा होता. आपल्याकडे रात्र आदल्या दिवसाचीच धरतात. पंचांगातला वारसुद्धा सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. चोपड्यापासून शिरपूरपर्यंत कोणालाही '१५ तारखेला रात्री साडेबारा' सांगा, तो १५ चं जेवण करूनच निघेल. हे साइट बनवणाऱ्याला माहीत असायला हवं होतं. लाखो माणसं ज्या पद्धतीनं दिवस मोजतात, त्याला चूक म्हणायचं आणि एक ओळ जास्त लिहायचा कंटाळा करायचा, हा कुठला न्याय?

ती ओळ अशी हवी : रात्री बारा ते पहाटे चारच्या प्रत्येक विमानाखाली, भाड्याइतक्याच ठळक अक्षरात, 'मंगळवार १४ च्या रात्री साडेदहापर्यंत विमानतळावर पोहोचा.' विमान सुटायची वेळ प्रवाशाला तितकी कामाची नाही. तो घरून कधी निघायचं याचा हिशोब करतो. देशांतर्गत विमानाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणजे पोचायची वेळ तुम्हीच मोजून देऊ शकता. भावजींचं म्हणणं, त्यानं कार्ड गजबजतं. गजबजू द्या!

त्याच भानगडीतली आणखी एक गोष्ट. पुतण्यानं आधी घरच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला होता. तो मी नंतर पाहिला. भाडं हिरव्या रंगात मोठं, खाली ००:३५ आणि ०२:२५, कंपनीचं चिन्ह, 'फक्त २ सीट शिल्लक' अशी लाल पट्टी. तारीख कुठेच नाही. ती पानाच्या वरच्या पट्टीत होती आणि खाली सरकवल्यावर निघून गेलेली. काउंटरवर येणारा जवळजवळ प्रत्येक स्क्रीनशॉट असाच असतो. आमच्याकडे तिकीट एकटा माणूस ठरवत नाही. मुलगा शोधतो, ग्रुपवर टाकतो, मामा मत देतो, पैसे भलताच कोणी भरतो. त्यामुळे प्रत्येक कार्डावर तारीख, वार, कुठून-कुठे, किती माणसांचं भाडं आणि बॅग किती किलो, एवढं सगळं हवंच. कार्ड की तक्ता, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं : कार्ड, पण एकटं कापून पाठवलं तरी पुरं पडेल असं. व्हॉट्सअॅपवर साध्या मजकुरात पाठवायचं बटणही ठेवा.

भाड्याबद्दल माझं म्हणणं एका वाक्यात : पहिल्या पानावर जो आकडा, तोच पैसे भरायच्या पानावर. मूळ भाडं, इंधन अधिभार, यूडीएफ, सुरक्षा शुल्क, इकॉनॉमीचा ५ टक्के जीएसटी आणि त्या-त्या साइटचं कन्व्हिनियन्स शुल्क, सगळं धरून. हे शेवटचं शुल्क पुष्कळदा माणशी लागतं, जाताना वेगळं आणि येताना वेगळं. चौघांच्या कुटुंबाला तिथेच स्वस्त-महागचा क्रम उलटतो. क्रम मूळ भाड्यावर लावून शेवटी शुल्क चढवणारी साइट तुलना करतच नाही, फसवते. विम्याची खूण आधीच मारून ठेवणं हाही त्यातलाच प्रकार. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत असे १३ प्रकार दिलेत : किंमत थेंबाथेंबानं उघड करणं, न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं, खोटी घाई करणं. प्रकल्पाच्या अहवालात ती यादी जोडा आणि आपली साइट प्रत्येकाला कशी टाळते ते लिहा. परीक्षकांना रंगांपेक्षा ते जास्त आवडेल.

आणि ते 'फक्त २ सीट शिल्लक' खरं असेल तर पुरं सांगा. त्या भावाच्या दोनच उरल्यात, विमानात अजून आहेत. एकाच विमानात भाड्याचे गट असतात. स्वस्त गटात दोन उरल्या आणि तुम्ही सहा मागितल्या, तर यंत्रणा बहुधा सहाही जणांना वरच्या गटाचा भाव लावते. लग्नाला निघालेल्या घराला हे कोणी सांगत नाही. मी काउंटरवर आधी एकाचा भाव बघते, मग दोघांचा, मग सगळ्यांचा. तुमच्या साइटनं हे आपणहून करून दाखवावं : 'दोन आणि चार असं तोडून काढलं तर इतके वाचतील.' सोबत इशाराही द्या, की पीएनआर वेगळे झाले तर विमान बदललं गेल्यास घरची माणसं वेगळी पडू शकतात, आणि लेकरं मोठ्या माणसाच्याच पीएनआरवर ठेवावीत. गुप्त टॅब उघडला की स्वस्त मिळतं, असं पोरं मला शिकवतात. तसं नसतं. भाव चढतो तो खालच्या गटातल्या सीट संपल्या म्हणून, किंवा साइट तुम्हाला मघाचा साठवलेला भाव दाखवत असते म्हणून. तेव्हा 'हा भाव इतक्या मिनिटांपूर्वीचा' असं लिहीत जा.

'कुठून' या रकान्याकडे कोणी लक्षच देत नाही. धुळे लिहा, भुसावळ लिहा, नंदुरबार लिहा, बहुतेक साइट गप्प बसतात. देवनागरीत 'जळगाव' लिहिलं तरी तेच. जळगावहून डिसेंबर २०१७ ला उडान योजनेत मुंबईचं छोटं विमान सुरू झालं, ते बंद पडलं, २०१९ ला अहमदाबादचं आलं, तेही थांबलं, मग २०२४ पासून गोवा, हैदराबाद, पुणे अशी विमानं लागली. तीही रोज सगळीकडे नसतात. म्हणून आपला माणूस एका विमानतळावर विसंबत नाही. नंदुरबारवाल्याला ताप्ती लाइननं सुरत सोपं, धुळेवाल्याला नाशिकजवळचं ओझर, शिर्डी आणि इंदूर सगळेच पर्याय, जळगाववाल्याला अजिंठ्याचा घाट चढून संभाजीनगर साधारण १६० किलोमीटर, आणि सगळ्यांना शेवटी मुंबई. तुलना इथून सुरू व्हायला हवी. मुंबईचं तिकीट हजारानं स्वस्त दिसतं, पण रेल्वे, टॅक्सी, एक मुक्काम आणि म्हाताऱ्या माणसांची दमछाक धरली की ते महाग असतं. 'दारापासून दारापर्यंत' असा एकच एकूण आकडा दाखवणारी साइट तुम्ही केलीत तर ती मी स्वतः काउंटरवर लावीन. संभाजीनगर आणि औरंगाबाद, दोन्ही नावं चालली पाहिजेत. गोव्याला दाबोळी आणि मोपा एकत्र करून सर्वात स्वस्त दाखवू नका, मोपा राज्याच्या उत्तर टोकाला आहे, दाबोळीपासून बरंच लांब. नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यापासून तर कल्याणला उतरायचं की दादरला, हेच तिकीट पाहून ठरवावं लागतं.

नावाचा रकाना. आमच्याकडे कोणाच्या आधारवर आडनाव आधी, कोणाच्या शेवटी, मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं. 'फर्स्ट नेम' म्हटलं की लोक पहिला दिसेल तो शब्द टाकतात आणि तिकिटावर पाटील हेच नाव होतं. 'तुमचं स्वतःचं नाव' आणि 'आडनाव' असं विचारा, आणि पुढे जाण्याआधी तिकिटावर कसं छापून येईल ते दाखवा.

फिल्टर चार पुरेत : सुटायची वेळ, थेट की थांबत, बॅग धरून, विमानतळ. रंग कुठलेही घ्या, फक्त पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं नकोत. दुपारी बसस्टँडवर उभं राहून मोबाइल बघणाऱ्याला ती दिसत नाहीत.

भावजी हे वाचतील, म्हणून लिहितेच. तुम्ही म्हणाला होतात की पूर्ण भाडं आधी दाखवलं तर लोक दुसऱ्या साइटवर जातात. जात असतील. मग तक्रार दुसऱ्या साइटची करा, तात्यांची का करता? ज्यांनी आयुष्यभर कधी गाडी चुकवली नाही, त्यांना तुमच्या स्क्रीननं विमान चुकवायला लावलं.

आता राहिलेलं. मी तिकिटामागे सेवा शुल्क घेते, ते आधी सांगून घेते, पण माझा धंदा यात आहे हे लक्षात ठेवूनच वरचं वाचा. परदेशी तिकिटांचे नियम वेगळे, तिथे माझं सगळं लागू करू नका. आणि मार्च, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी विमानांची वेळापत्रकं बदलतात, त्यामुळे खानदेशातल्या विमानतळांची यादी एकदा भरून सोडून देऊ नका. दारापासून दारापर्यंतचा हिशोब करणार असाल तर अमळनेर, धुळे, नंदुरबारहून गाडीवाल्यांचे चालू दर लागतील. ते इथे खाली विचारा, मी देते.