वडील माजी सैनिक आहेत. सत्कारातून उठून गेले. आमचं काय चुकलं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनवर आले. यंदा 15 ऑगस्टला सोसायटीने त्यांचा सत्कार ठेवला. निवेदकाने "शहीद जवानांना आदरांजली" म्हटलं, देशभक्तीची गाणी लागली, आणि वडील शाल खुर्चीवर ठेवून घरी निघून गेले. दोन दिवस धड जेवले नाहीत. नोकरीत असताना त्यांचा एक मित्र गेला होता, एवढंच तुमच्या आईंना माहीत आहे. आमचं काय चुकलं आणि आता काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलातला. पुण्यात खडकीच्या सेंटरला रंगरूट म्हणून आलो, 24 वर्षं नोकरी केली, आता दिघीला राहतो. तुमच्या वडिलांना मी ओळखत नाही. पण अशी शाल ठेवून मीही एकदा उठलोय, म्हणून लिहितो.

माझा मित्र 2003 च्या उन्हाळ्यात गेला, राजस्थानच्या सीमेवर. त्याचं नाव इथे लिहीत नाही, ते त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय लिहिणं बरं नाही. कंपनीत त्याला सगळे मास्तर म्हणायचे, कारण अक्षर मोत्यासारखं होतं आणि निम्म्या कंपनीची पत्रं तोच लिहून द्यायचा. डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं, म्हणजे फौजा पाकिस्तानच्या सीमेवर नेऊन उभ्या केल्या. सीमेलगतच्या शेतांत आणि वाळूत लाखो सुरुंग पेरले गेले. युद्ध झालंच नाही. ऑक्टोबर 2002 मध्ये फौजा मागे घ्यायचं ठरलं, टीव्हीवरून बातमी गेली, पण पेरलेले सुरुंग काढायचं काम सॅपरचंच होतं. ते पेरताना आणि काढताना आमचे कितीतरी लोक गेले. वाळू सरकते, तिच्याबरोबर सुरुंगही सरकतो, नकाशावर खूण असेल तिथे तो सापडेलच असं नाही. पांढऱ्या पट्टीच्या आत गुडघे टेकायचे, प्रॉडर, म्हणजे सुरुंग चाचपायची सळई, तिरका घालायचा, हाताला काही लागलं नाही तर वीतभर पुढे. दिवसभर तेच. त्या सकाळी माझी पाळी संपली आणि त्याची सुरू झाली. मी पाण्याची बाटली उघडत होतो.

त्याच्या पुढचं लिहीत नाही. पण पेटीचं सांगायला हवं.

माणूस गेला की त्याचं सामान घरी पाठवायच्या आधी त्याची यादी करावी लागते. साहेब, क्लार्क आणि ओळखीचा म्हणून मी. काळी पेटी, वर पांढऱ्या रंगाने नंबर, रँक, नाव. आत दोन सिव्हिल शर्ट, दाढीचं सामान, बहिणीसाठी घेतलेली आरशांची पिशवी, एक अर्धं लिहिलेलं अंतर्देशीय पत्र, आणि शेंगदाण्याच्या चटणीचा स्टीलचा डबा. खायची वस्तू पाठवता येत नाही, म्हणून साहेबांनी डबा माझ्याकडे दिला. रात्री लंगरच्या, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातल्या, रोटीबरोबर आम्ही आठ जणांनी ती चटणी खाल्ली. कोणी बोललं नाही. शेवटची चमचाभर उरली ती कोणी घेईना. सकाळी मी तो डबा वाळूने घासला, पुसला आणि पेटीत ठेवला, कारण डबा यादीत होता.

दुसऱ्या दिवशी परत तीच पट्टी आणि तोच प्रॉडर. रडलो नाही, कारण रडणाऱ्याचा हात थरथरतो.

आपल्याकडे भावकीतला कधी न पाहिलेला चुलता वारला तरी दहा दिवस सुतक धरतो. मित्राचं सुतक नाही. चार वर्षं ज्याच्या शेजारच्या खाटेवर झोपलो, ज्याच्या ताटातलं उचलून खाल्लं, त्याच्यासाठी केस काढायचा हक्क मला नव्हता. त्याला निरोप द्यायला गावी जाता आलं नाही. तिथे सलामी झाली, बिगुल वाजलं, तिरंगा घडी करून आईच्या हातात दिला, हे सगळं मी ऐकलं फक्त. तुमच्या वडिलांचंही असंच काही असणार. जे दुःख कधी करूच दिलं नाही, ते माणूस पेन्शनबरोबर घरी घेऊन येतो.

आता तुमच्या स्टेजवर काय झालं असेल, ते माझ्या अनुभवावरून सांगतो. जो परत आला त्याच्या खांद्यावर शाल पडली. जो आला नाही तो "शहीद जवान" या दोन शब्दांत संपला, त्याला नावसुद्धा नाही. त्या खुर्चीवर बसलेल्याला वाटतं की हे माझं नाही, मी दुसऱ्याचं घेऊन बसलोय. पाळी बदलली नसती तर शाल त्याला मिळाली असती, हे गणित माझ्या डोक्यात आजही चालतं. त्यात लाऊडस्पीकर, त्यात निवेदकाची चढती पट्टी. उठून जावंसं वाटणारच. तुमची माया खोटी नव्हती, ती त्यांच्या मित्राला वगळून त्यांच्यापर्यंत पोचली, एवढंच चुकलं.

आम्ही रंगरूट असताना आम्हाला शिकवणारे उस्ताद आमच्याच सॅपर्समधल्या मेजर रामा राघोबा राणे यांची गोष्ट सांगायचे. एप्रिल 1948, नौशेरा ते राजौरी रस्ता. रणगाड्याच्या पोटाखाली रांगत, दोरी ओढून चालकाला खूण करत त्यांनी अडथळे आणि सुरुंगांतून वाट काढून दिली. परमवीर चक्र मिळालं तेव्हा ते हयात होते. पुढे 1994 मध्ये ते पुण्यातच गेले. पण आमचे उस्ताद तिथे थांबायचे नाहीत. पहिल्याच दिवशी उखळी तोफांच्या माऱ्यात राण्यांच्या तुकडीतले दोघे गेले आणि स्वतः राण्यांसकट पाच जण जखमी झाले, हे ते दर वेळी आवर्जून सांगायचे. परमवीराची गोष्टसुद्धा त्या दोघांना सोडून पुरी होत नाही, हे आम्हाला तेव्हा नीटसं कळलं नव्हतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे, वडिलांना मान द्यायचा तर त्यांच्या मित्राच्या नावापासून सुरुवात करा. आणि "ते कसे गेले" हे कृपा करून विचारू नका. ते कसे होते, ते विचारा. माझ्या घरी हे माझ्या मुलीने केलं, तिला कोणी शिकवलं नव्हतं. नववीत होती. जेवताना म्हणाली, "बाबा, मास्तरकाका तुमची पत्रं लिहायचे म्हणता, मग मनाचं काही घालायचे का त्यात?" घालायचा की! माझ्या आईला तो माझ्या नावाने विचारायचा, म्हशीला रेडकू झालं का, परड्यातल्या शेवग्याला शेंगा लागल्या का. मला असलं काही सुचायचं नाही. आईला वाटायचं पोरगं फौजेत जाऊन शहाणं झालं. त्या रात्री मी दीड तास बोललो. बायको हात न धुता तशीच बसून ऐकत होती.

लगेच बोलतील असं नाही. पहिल्यांदा "सोड, जुनं आहे" म्हणतील. सोडा. आठ-पंधरा दिवसांनी परत विचारा. संध्याकाळी, टीव्ही बंद असताना.

पुण्यात घोरपडीला राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, ते लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलंय, 1998 मध्ये खुलं झालं. मुलं मिग विमान बघायला येतात, ती येऊ द्यावीत. पण तुम्ही वडिलांना घेऊन सकाळी लवकर जा आणि कोरलेली नावं वाचा. मित्राचं नाव तिथे असेल किंवा नसेल. नसलं तरी त्यांना तिथे उभं राहू द्या, फोटो काढू नका. मला स्वतःला खडकीची युद्ध दफनभूमीही जवळची वाटते. दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 कबरी आहेत. साहेब असो की शिपाई, दगड एकाच मापाचा, आणि काहींवर घरच्यांनी सांगितलेली ओळ कोरलेली. तिथेच पहिल्या महायुद्धातल्यांचं स्मारक आहे, ज्यांच्या कबरी जागोजागी होत्या आणि राखता येणं शक्य नव्हतं, अशांची नावं एकत्र. परके लोक आहेत, पण तिथली माळ्यांची निगा बघून मला बरं वाटतं.

झोप लागत नसेल, रात्री दचकून उठत असतील, दारू वाढली असेल, तर मात्र नुसत्या गप्पांवर ठेवू नका. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, कार्ड असेलच, पॉलिक्लिनिकमधून मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवतात. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, चोवीस तास, फुकट. फौजेतल्या लोकांसाठी त्याचा खास कक्ष आपल्या पुण्यातच, एएफएमसी या फौजेच्या वैद्यकीय कॉलेजात, डिसेंबर 2023 मध्ये सुरू झाला. जुन्या पिढीला "वेड्याचा डॉक्टर" वाटतो, म्हणून मी म्हणतो तसं म्हणा, पाय मुरगळला तर एमआय रूमला, पलटणीच्या दवाखान्यात, जायचात ना, तसंच हे.

आणि मित्राचं घर शोधा. मला जायला अकरा वर्षं लागली, तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती. माण तालुक्यातलं गाव. त्याच्या आईने मला ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर आत गेली आणि तीच आरशांची पिशवी घेऊन आली. बहिणीने ती वापरली नव्हती. आत ते अर्धं अंतर्देशीय होतं. "हे तुझं हाय रं, तुझ्या बाला लिवलंय," म्हणाली. मी यादी करताना ते उघडून बघितलंच नव्हतं. "तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार, इकडे ऊन फार आहे, पण लंगरला ताक मिळते." एवढंच. पुढे कोरं. अकरा वर्षं त्या माउलीने ते माझ्यासाठी ठेवलं होतं. नंतर तिने मला जेवायला वाढलं, ताटात चटणी होती, आणि मी तिथे बसून पहिल्यांदा रडलो. ती काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली. आता मी दरवर्षी जातो.

पुढच्या 26 जानेवारीला सोसायटीने परत काही ठरवलं तर वडिलांना आधी विचारा. शाल नको. झेंडा झाल्यावर त्यांच्या मित्राचं नाव, गाव आणि पलटण कोणीतरी साध्या आवाजात वाचावं, वडील मागे उभे राहिले तरी चालेल.

रविवारी सकाळी मी बहुतेक वेळा घोरपडीला असतो. वडील यायला तयार झाले तर इथेच कळवा, नाव शोधायला मी बरोबर येईन.