व्हिएतनाममधल्या सा-पाची भातखाचरं बघायला कधी जावं, कुठे राहावं?

पिकलेलं भात बघायचं तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा गाठा. थंडीमुळे सा-पाजवळच्या मुओंग होआ दरीत भाताचं एकच पीक निघतं. ऑक्टोबरनंतर गेलात तर नुसती धसकटं दिसतात. पाण्याने भरलेली, आरशासारखी खाचरं हवी असतील तर मेचा उत्तरार्ध. जुलै-ऑगस्ट हिरवागार, पण चिखल आणि दरडीही तेव्हाच.

हनोईहून लाओ काईपर्यंत रात्रीची रेल्वे, पुढे तासाभराचा घाट. थेट बस सुमारे 6 तासांत पोचवते. सा-पा शहरात बांधकामं फार, त्यापेक्षा ता वान या ज्याय लोकांच्या गावात दोन रात्री होमस्टे घ्या. यी लिन्ह हो, लाओ चाय, ता वान ही पायवाट साधारण 12 किमी, 4-5 तासांची. ओल्या बांधांवर स्पोर्ट्स शूज हमखास घसरतात, भाड्याचे गमबूट बरे.

‘काळे ह्मोंग’ या स्थानिक जमातीच्या बायका वाटेत हात धरून मदत करतात आणि शेवटी भरतकाम विकायला काढतात. घ्यायचं नसेल तर सुरुवातीलाच सांगा. त्यांचं निळीत रंगवलेलं कापड रंग सोडतं, वेगळंच धुवा.

शाकाहारी असाल तर ‘आन चाय’ म्हणा. माशाचा सॉस, ‘नुओक माम’, नको हेही बजावा, कारण भाजीतसुद्धा तो पडतो.