ताशी ६५ मैलांच्या पुढे बास बोट (मासेमारीची छोटी वेगवान बोट) डावी-उजवीकडे डुलते, काय करावं?

याला चाइन वॉक म्हणतात. वेगात जवळजवळ अख्खी बोट पाण्याबाहेर येते आणि तळाच्या अरुंद पट्टीवर तोलली जाते, त्यात प्रॉपेलरचा पीळ तिला एका कुशीवर ढकलतो. डुलणं सुरू झालं की ट्रिम (इंजिनाचा वर-खाली कोन) जरा खाली घ्या, थ्रॉटल (वेगाचा दांडा) हळूहळू सोडा. एकदम सोडलात तर नाक आपटून बोट गर्रकन फिरेल. स्टिअरिंगनं सावरताना चाक अगदी किंचितच फिरवा. उशिरा दिलेला मोठा झटका डुलणं वाढवतो.

आधी मात्र इंजिन बंद करून आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावलेलं इंजिन) हातानं डावी-उजवीकडे हलवून बघा. चाक न हलता तो हलला, तर स्टिअरिंग ढिलं आहे. तेच पहिलं दुरुस्त करा. आणि किल स्विचची दोरी (चालक फेकला गेला की ही ओढली जाऊन इंजिन बंद पडतं) अंगाला अडकवल्याशिवाय वेग घेऊ नका, कृपा करून! अमेरिकेत २६ फुटांखालच्या बोटींना १ एप्रिल २०२१ पासून तसा नियमच आहे.