वाचकांचे प्रश्न : नजर ऐकणाऱ्यावर ठेवा

प्रश्न : आई ‘चोरी चोरी’ची भक्त आहे. तिला जुन्या हॉलिवूडचे प्रेमविनोदी सिनेमे दाखवायचे आहेत, पण त्यातल्या इंग्रजीचा वेग तिला झेपत नाही. सुरुवात कशाने करावी?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ‘चोरी चोरी’ (१९५६) ज्यावर बेतला, त्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’नेच (१९३४) करा. घरातून पळालेली श्रीमंत मुलगी, बातमीसाठी तिच्या मागे लागलेला पत्रकार, बसचा प्रवास हे सगळं आईंना राज कपूर-नर्गिसमुळे पाठ आहे. एखादा संवाद निसटला तरी गोष्ट निसटणार नाही. लांबीही १०५ मिनिटांचीच आहे.

आईंना एवढंच सांगून ठेवा, की बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे बघायचं. या सिनेमांचा खरा गोडवा तिथे आहे. दिग्दर्शक दोघांना बराच वेळ एकाच चौकटीत ठेवतो, त्यामुळे उत्तर येण्याआधीच ते चेहऱ्यावर उमटलेलं दिसतं. मोटेलच्या खोलीत क्लार्क गेबल दोन खाटांच्या मधे दोरीवर ब्लँकेट टाकतो आणि पुरुष कपडे कोणत्या क्रमाने उतरवतो, यावर व्याख्यान देत एकेक कपडा काढू लागतो. तेव्हा बघायचं क्लॉडेट कोल्बेरकडे. तिचा ताठा हळूहळू ओसरतो आणि ती पलीकडे पळते. याच दोघांना त्या वर्षीची अभिनयाची ऑस्कर मिळाली, ती अशा जागांसाठी शोभतात.

दुसरा ‘रोमन हॉलिडे’ (१९५३) लावा. खोटं बोलणाऱ्याचा हात चावतो अशी आख्यायिका असलेल्या दगडी मुखवट्याच्या तोंडात हात घालण्याच्या प्रसंगात ग्रेगरी पेकने हात बाहीत लपवला. ऑड्री हेपबर्नला याची आधी कल्पना दिलेली नव्हती. तिची किंकाळी खरी आहे आणि विल्यम वायलरने तोच टेक ठेवला.

‘हिज गर्ल फ्रायडे’ने (१९४०) मात्र सुरुवात करू नका. त्यात कॅरी ग्रँट आणि रोझलिंड रसेल एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. हॉवर्ड हॉक्सने ते मुद्दाम घडवलं होतं. वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला बिनमहत्त्वाचे शब्द ठेवायचे, म्हणजे टोकं एकमेकांवर चढली तरी मधला अर्थ शाबूत राहतो. नवख्या कानाला हे कळायच्या आत पुढचं वाक्य आलेलं असतं.

प्रश्न : सोसायटीच्या हॉलमध्ये ‘रोमन हॉलिडे’ लावून पाहिला. माणसं बुटकी-जाड दिसत होती, आवाज घुमत होता आणि सबटायटल मागे पडत गेली. पुन्हा दाखवायचा तर काय करावं?
— काही रहिवासी, वाशी, नवी मुंबई

उत्तर : त्या काळच्या या चित्रांची चौकट उंचीच्या १.३७ पट रुंद असते, आजचा पडदा १६:९. प्रोजेक्टर ‘फुल’ किंवा ‘स्ट्रेच’वर असला की चित्र जवळजवळ ३० टक्के रुंद ताणलं जातं. ‘झूम’ केलं तर वरून-खालून मिळून सुमारे २३ टक्के कापलं जातं. हा तोटा तर आणखी मोठा, कारण यातला विनोद डोक्यापासून पायापर्यंतच्या हालचालींत असतो. ‘ओरिजिनल’ किंवा ‘४:३’ निवडा. ८ फूट रुंद, साडेचार फूट उंच पडद्यावर चित्र सव्वासहा फुटांच्या आसपास येईल आणि दोन्ही बाजूंना जवळपास ११ इंच काळं राहील. प्रेक्षकांना आधीच सांगा, की हे असंच असतं. टीव्हीवर दाखवणार असाल तर ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा. सेकंदाला २४ चौकटींच्या मधे टीव्ही स्वतःच्या चौकटी घुसवतो आणि सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.

फरशी आणि उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो. खिडक्यांना जाड पडदे लावा, पुढे सतरंज्या अंथरा. स्पीकर मागे न ठेवता पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. बास, म्हणजे खर्जाचा आवाज, कमी करा. शब्द स्पष्ट होतात. प्रोजेक्टरच्या पोटातला स्पीकर हॉलला पुरत नाही.

सबटायटलची फाइल वेगळी असेल तर आधी दोष ओळखा. फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘जी’ आणि ‘एच’ या कळांनी ५०-५० मिलिसेकंदांनी पुढे-मागे करता येतं. फरक वाढत जात असेल, जसा तुमच्याकडे झाला, तर फाइल सेकंदाला २४ चौकटींच्या प्रतीची आणि तुमच्याकडची चित्रपटाची प्रत २५ ची असण्याची शक्यता दाट आहे. तासाभरात सुमारे अडीच मिनिटांचं अंतर पडतं, तिथे या कळा पुरत नाहीत. फाइलच बदला.

मध्यंतर मूळ चित्रपटात नाही. राजकन्या (ऑड्री हेपबर्न) केस कापून घेते आणि रोममधल्या स्पॅनिश पायऱ्यांवर आइस्क्रीम खायला येते, त्याच्या आधी थांबा. ओटीटी खातं घरगुती वापरापुरतं असतं, हॉलमध्ये डिस्क लावा. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, ती मुदत या चित्रपटाची संपली आहे.

प्रश्न : ‘अशी ही बनवाबनवी’ हा ‘सम लाइक इट हॉट’वरून घेतला आहे ना?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : त्याचा आधार हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ (१९६६). साम्य वेषांतराचं आहे, कारणं निराळी. बिली वाइल्डरच्या चित्रपटात (१९५९) दोन वादक खून पाहतात आणि टोळीपासून जीव वाचवायला बायकांच्या वाद्यवृंदात शिरतात. आपल्याकडे डोक्यावर छप्पर हवं म्हणून साडी नेसावी लागते. वाइल्डरचा चित्रपट कृष्णधवल ठेवण्याचं कारण मेकअपचंच होतं : रंगीत चाचणीत टोनी कर्टिस आणि जॅक लेमन यांचे चेहरे हिरवट दिसत होते.

प्रश्न : कॅथरीन आणि ऑड्री हेपबर्न बहिणी होत्या का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : नाही, नातं काहीच नव्हतं. कॅथरीन अमेरिकेतली, ऑड्रीचा जन्म ब्रसेल्सचा. कॅथरीनचा विनोद पाहायचा असेल तर ‘ब्रिंगिंग अप बेबी’ (१९३८) लावा. त्यात ती थांबत नाही आणि शेजारी उभ्या कॅरी ग्रँटला ऐकण्यावाचून गत्यंतर उरत नाही.