पंक्चरचं लिक्विड भरलं तरी टायर बसला, हात मोडला. केस कुणावर करायची?

धायरीच्या एका वाचकांचा प्रश्न आलाय. बाईकच्या दोन्ही ट्यूबलेस टायरमध्ये त्यांनी पंक्चरचं लिक्विड भरून घेतलं, 700 रुपये दिले, बिल आहे. दुकानदाराने व्हॉट्सॲपवर जाहिरात पाठवलेली, "कुठलाही खिळा घुसू दे, 2 वर्षं पंक्चर नाही". चार महिन्यांत वारज्याजवळ हायवेला मागचा टायर बसला, गाडी घसरली, मनगट फ्रॅक्चर, दीड महिना बिनपगारी घरी. टायरमध्ये खिळा घुसलेला दिसला, अलॉय रिमला आतून खड्डे पडलेत, आणि टायर कंपनीने आतलं सीलंट, म्हणजे हेच लिक्विड, बघून वॉरंटी नाकारली. केस कुणावर, आणि पोलिसांत जाऊ का, असं विचारलंय.

दादा, सगळ्यात आधी तो टायर ताब्यात घ्या. तुम्ही लिहिलंय की टायर अजून पंक्चरवाल्याकडेच पडलाय, तो भंगारात गेला तर तुमची अर्धी केस गेली. खिळा काढू नका, आतलं लिक्विड पुसू नका, रिमसकट फोटो काढा आणि लिक्विडची बाटली किंवा निदान तिच्या लेबलचा फोटो मिळवा.

खिळा नेमका कुठे घुसलाय हे फार महत्त्वाचं आहे. हे लिक्विड चाक फिरताना टायरच्या आतून पसरतं आणि भोक पडलं की हवेच्या दाबाने त्यातले तंतू भोकात जाऊन अडकतात, म्हणजे ते जमिनीला टेकणाऱ्या भागातल्या छोट्या भोकासाठी आहे, टायरच्या बाजूच्या भिंतीला काही गेलं किंवा भोक मोठं असलं तर त्याचा भरवसा नसतो, आणि दुसरं म्हणजे गळती थांबल्यामुळे खिळा आतच राहतो आणि चालवणाऱ्याला पत्ताच नसतो. लेबलवर ही मर्यादा स्पष्ट लिहिलेली असेल तर बनवणारी कंपनी तिच्यावर बोट ठेवणारच. लिहिलेलीच नसेल तर कंपनीही अडकते, कारण ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 84 मध्ये पुरेशा सूचना आणि इशारा न देणं हा उत्पादकाच्या जबाबदारीचा भाग आहे.

पण माझ्या मते तुमचा खरा दावा दुकानदारावर आहे. कलम 86 वाचा, उत्पादकाच्या वॉरंटीपेक्षा वेगळं असं स्वतःचं आश्वासन विक्रेत्याने दिलं, माल त्याला उतरला नाही आणि त्यातून इजा झाली, तर विक्रेता जबाबदार. "कुठलाही खिळा" हे कंपनीने नाही, त्याने लिहिलंय. तो मेसेज म्हणजे तुमच्या केसचा कणा आहे, म्हणून चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका, आणि स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा.

समोरचा वकील काय म्हणेल तेही सांगते. खिळा आम्ही ठोकला नाही, हवा चेक केली नव्हती, टायर घासलेला होता. ग्राहक कायद्याच्या कलम 87 मध्ये वस्तूचा गैरवापर किंवा त्यात फेरफार झाला असेल तर विक्रेत्याला सुटका आहे, त्यामुळे टायर किती जुना, सर्व्हिसिंग कधी केलं याची कागदं काढून ठेवा. गरज पडली तर ग्राहक आयोग नमुना लॅबकडे पाठवू शकतो.

नुकसान मागताना एक बारकावा लक्षात ठेवा. प्रॉडक्ट लायबिलिटीमध्ये, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या दाव्यात, इजा, त्यासोबतचा मानसिक त्रास आणि दुसऱ्या वस्तूचं नुकसान येतं, खुद्द त्या वस्तूचं नाही. म्हणजे हॉस्पिटलचं बिल, बुडालेला पगार, टायर आणि रिम त्यात मागा, आणि लिक्विडचे 700 रुपये सदोष माल म्हणून त्याच तक्रारीत वेगळे मागा. रिमचे खड्डे लिक्विडमुळेच पडले हे मात्र मेकॅनिकने लेखी दिल्याशिवाय टिकणार नाही.

टायर कंपनीच्या मागे लागू नका. वॉरंटी कार्डावर सीलंट चालणार नाही असं आधीच छापलेलं असेल तर त्यांचा नकार टिकेल. तो नकार लेखी मात्र घ्या, कारण लिक्विड भरलं की वॉरंटी जाईल हे दुकानदाराने सांगितलंच नव्हतं, आणि ही त्याच्या सेवेतली त्रुटी आहे.

विम्याचं बघा. फुल इन्शुरन्स असेल तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम होतो, अपघातात गाडीलाही मार बसला असेल तर टायरच्या किमतीचे 50 टक्केही मिळतात. विम्याच्या बिलात येणारं 15 लाखांचं ओनर-ड्रायव्हर कव्हर, म्हणजे गाडी चालवणाऱ्या मालकाचा अपघात विमा, मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी असतं, फ्रॅक्चरला त्यातून काही मिळत नाही. पोलिसांत जाण्याने हे पैसे मिळणार नाहीत, त्यात वेळ घालवू नका.

आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, सोबत स्पीड पोस्टने दुकानदार आणि लिक्विड कंपनी दोघांना 15 दिवसांची नोटीस पाठवा. नाही ऐकलं तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग, कंपनी कुठल्याही राज्यातली असो, तुम्ही इथे राहता म्हणून इथे दाखल होते. ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या पोर्टलवर तक्रार ऑनलाइन भरता येते, वकील सक्तीचा नाही, आणि फी वस्तूसाठी तुम्ही मोजलेल्या किमतीवर असते, 5 लाखांपर्यंत फी शून्य, म्हणजे तुमच्या 700 रुपयांवर काहीच नाही, भरपाई कितीही मागा. मुदत 2 वर्षांची, पण तेवढं थांबू नका.

नोटीस गेल्यावर दुकानदार बहुतेक थोडी रक्कम घेऊन भेटायला येईल. बोला, पण "आता काही येणं नाही" अशा कागदावर सही मनगटाचा शेवटचा एक्स-रे आणि डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट हातात आल्यावरच करा, पुढे फिजिओथेरपी लागली तर तो खर्च नंतर कुणीच देणार नाही.